बॅटरीच्या टगला घुंगरमाळ

"मागून नको, तोंडावर बोल." आमच्या काशीदादांना कुणी खांद्याला धरून वळवलं की पहिलं वाक्य हेच. आणि बघतात असे, जणू आपला हात त्यांच्या खिशात सापडला.

राहनाळच्या आमच्या गोदामात विमानतळांना भाड्यानं द्यायच्या टग असतात. टग म्हणजे विमान ओढायची, ढकलायची बुटकी, वजनदार गाडी. मी तिथला स्टोअरकीपर. खारबावचे काशीदादा दुरुस्त झालेली टग यार्डात चालवून पास करतात. इंजिन सुरू झालं की बॉनेटवर तळवा ठेवायचा आणि डोळे मिटायचे. "हिचा पंप खोटा हाय." उघडून बघावं तर पंपच बिघडलेला निघायचा.

बाकी माणूस महासंशयी. कॅन्टीनमध्ये भिंतीला पाठ लावूनच बसणार. दोघं बोलताना दिसले की त्यांच्या ओठांवर नजर. म्हाताऱ्याला सगळीकडे आपलीच निंदा दिसते, असं आम्ही म्हणायचो.

डिझेलचा खर्च परवडेना म्हणून मालकांनी बॅटरीवरची टग आणली. "डिझेल नाही, ऑइल नाही, देखभाल निम्मी," मॅनेजरसाहेब म्हणाले. दादा तिच्याभोवती तीनदा फिरले. तळवा ठेवला, पुन्हा ठेवला.

"जित्ती हाय का मेली?"

"चालू आहे, दादा," मी समोर जाऊन सांगितलं.

त्यांचा माझ्यावरही विश्वास नव्हता. बंदच आहे समजून त्यांनी पेडल दाबलं आणि टगनं समोरचे रिकामे ड्रम आडवे केले.

"बघ. चोर हाय ही. धूर न्हाय, धडधड न्हाय."

साहेबांनी मला लेखी विचारलं, दादांना ही गाडी जमेल की त्यांना घरी बसवायचं? घरी होतं कोण? वहिनी गेलेल्या, मुलगी सासरी. माझा पेन पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी दादांनी टगला बैलाची घुंगरमाळ बांधली. शर्यतीचा बैल केव्हाच विकलेला, माळ तेवढी उरली होती. सगळं यार्ड हसलं. गाडी चालू आहे हे स्वतःला कळावं म्हणून बांधली असणार, असं मला वाटलं. दादा पाठमोरे उभे राहून हातमोजे घालत होते. मी थट्टेनं माळ खणखणवली. ते वळले नाहीत. आणखी जोरात खणखणवली, तरी नाही. मग सहज वळले आणि त्यांना माळेवरचा माझा हात दिसला. मला माझीच लाज वाटली.

"डिझेलनं कान खाल्ले," ते हळूच म्हणाले. "लय वर्सं झाली. डिझेलची गाडी हाताला तरी समजते, ही तीपण न्हाय. साहेबाला सांगू नको रं."

"मग माळ कशाला, दादा? तुम्हाला तर..."

"मना कशाला? तुमच्यासाठी. मागनं गाडी आली आन समजली न्हाय, म्हंजी काय होतं, ते मना ठावं हाय."

मी साहेबांना लिहिलं, दादांना चालवायला देऊ नका, यार्डात मशीन पारखायला आणि पोरांना शिकवायला ठेवा. आणि या गाडीला येताना आवाज हवा. कानांचं तेवढं लिहिलं नाही. साहेबांनी सही केली.

आता रोज सकाळी नवा ड्रायव्हर टग हातभर पुढे घेतो. दादा माळेकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात.

"वाजते ना रं?"

मी समोर जाऊन उभा राहतो आणि सावकाश सांगतो, "वाजतेय, दादा."