नाव नंतर कळवू

दर बुधवारी वाचकांचे प्रश्न उघडून बसताना लीलँड प्रूइटच्या चेहऱ्यावर तुंबलेल्या मोरीत हात घालणाऱ्या माणसाचा भाव येई. पोर्ट हॅलर्नच्या 'कुरिअर'मध्ये तो 'प्रूइटला विचारा' हे सदर चालवत असे. लोकांनी बेसबॉलबद्दल विचारायचं आणि प्रूइटने त्यांना मूर्ख ठरवायचं, अशी कामाची वाटणी होती. गावच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे, आणि खेळही बगळ्यांचाच: एका पायावर उभं राहायचं आणि चेंडू समोरून गेला की तो गेल्याचं बघायचं. अशा संघाबद्दल आपुलकीने चौकशी करणारे लोक मूर्ख असणार, हे प्रूइटचं मत अगदीच चुकीचं नव्हतं. पण त्याच मूर्खांमुळे आपला हाताची घडी घातलेला फोटो दर आठवड्याला छापून येतो, हे तो सोयीस्करपणे विसरला होता. त्या फोटोवर मात्र त्याचा फार जीव होता. बायकोचा फोटो पाकिटात नव्हता, सदराचं कात्रण होतं.

त्या बुधवारी धड मूर्ख प्रश्नही येईनात. एकाने विचारलं होतं, स्टेडियममध्ये सॉसेजला मोहरी कमी का लावतात. दुसऱ्याने विचारलं होतं, यंदा तरी आपण बाद फेरी गाठणार का. हा प्रश्न दर आठवड्याचा आणि उत्तरही दर आठवड्याचंच. तिसरा प्रश्न अ‍ॅग्नेस फेनविक या निवृत्त शिक्षिकेचा होता. "दोन संघ खेळाडूंची अदलाबदल करतात, तेव्हा बातमीत 'बदल्यात एक खेळाडू, नाव नंतर कळवू' असं असतं. मग नंतर त्यांनी तोच खेळाडू परत पाठवला तर? माणसाची अदलाबदल त्याच माणसाशी होऊ शकते का?"

प्रूइटने लिहिलं, "बाई, तुमच्या हाताखालून गेलेल्या पोरांची मला आता काळजी वाटते. नाही. पुढचा!"

पण पुढचा नव्हताच. अर्धं सदर रिकामं राहिलं होतं आणि झोडपायला एकही डोकं शिल्लक नव्हतं. तेव्हा प्रूइटने एक डोकं स्वतःच बनवलं. नाव ठेवलं ऑर्विल टिबेट्स, राहणार पिकरेल कोव्ह, होड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. या ऑर्विलच्या तोंडी त्याने सुचेल तेवढा बावळट सौदा घातला. चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारा आपला होम रनांचा राजा ब्रॉक डेलेनी ग्रँट सिटीला देऊन टाका, त्यांचा तो म्हातारा पिचर सॉल विंटर्स घ्या, आणि वर एक खेळाडू, नाव नंतर कळवू. म्हातारा आणखी बावळट वाटावा म्हणून शेवटी लिहिलं, "चुकलं तर सांभाळून घ्यावं. लोभ आहेच." मग प्रूइटने बाह्या सरसावल्या. "ऑर्विल, भोक होडीला नाही, तुझ्या टाळक्याला पडलंय," असं सुरू करून त्याने त्या गरीब माणसाची अशी काही सालटी काढली, की स्वतःच वाचताना त्याला दोनदा हसू आलं.

हेरन्सचे सौदे ज्या साहेबाकडे होते, त्याला स्वतःचं डोकं आहे असा आरोप आजवर कोणी केला नव्हता. तो केस कापायला गेला होता. बाकावर 'कुरिअर' पडला होता. त्याने ऑर्विलचा प्रश्न वाचला, तेवढ्यात खुर्ची रिकामी झाली, आणि प्रूइटचं उत्तर वाचायचं राहून गेलं. पुढच्या आठवड्यात डेलेनी ग्रँट सिटीला गेला आणि विंटर्स पोर्ट हॅलर्नला आला.

गाव आधी भडकलं. मग डेलेनी नव्या गावातल्या पहिल्याच दिवशी हॉटेलच्या न्हाणीघरात साबणावरून घसरला आणि अंगठा मोडून मोसमभर घरी बसला. इकडे सॉल विंटर्स इतका सावकाश चेंडू टाकी, की तो येईपर्यंत फलंदाजाची बॅट फिरवून झालेली असे. हेरन्स जिंकायला लागले. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या, तेच आता "मी म्हटलंच होतं" म्हणत फिरू लागले. असल्या लोकांना लाज नावाची वस्तू जन्मतः मिळालेली नसते.

संपादक विल्मा ऑस्ट्रँडरबाईंनी प्रूइटला केबिनमध्ये बोलावलं.

"प्रूइट, हा ऑर्विल कोण हो?"

"आहे एक वाचक."

"त्याला जेवायला बोलवा. मला भेटायचंय."

"तो लाजाळू आहे."

"मग फोन जोडून द्या."

"ऐकू येत नाही त्याला."

"बरं, मीच जाऊन येते पिकरेल कोव्हला."

"नका जाऊ! मासे धरायला गेलाय तो."

"कधी येईल?"

"मासे सापडले की."

घरी डोरीनने सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याची फजिती ती नेहमी पूर्ण ऐकून घेत असे.

"मारून टाक त्याला," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली. "होडीतून पडला म्हण."

"अगं, मेला तर गाव सुतक पाळेल! मृत्युलेख मलाच लिहायला लावतील."

"मग मूर्ख ठरव. रोज दुसरं काय करतोस तू?"

हे प्रूइटला पटलं. पुढच्या सदरात ऑर्विलने सुचवलं, की राखीव कॅचर ओटिस ब्लूम याला सगळ्यांत आधी फलंदाजीला पाठवा, म्हणजे आपण बाद फेरीत गेलोच म्हणून समजा. ओटिस ब्लूम बुटाची नाडी बांधताना धापा टाकत असे. यापेक्षा मूर्ख सल्ला बेसबॉलमध्ये देता येणं अवघड होतं. प्रूइटने खाली फक्त एवढंच उत्तर दिलं, "वाचकहो, आता तरी बघा."

वाचकांनी बघितलं. सौदेवाल्या साहेबानेही बघितलं, कारण आता तो 'कुरिअर' घरी घेत होता. ब्लूम मैदानात उतरला आणि त्याच्या घेराचा महिमा सगळ्यांना कळला. चेंडू कुठेही टाका, तो ब्लूमला लागतच होता. आणि अंगाला चेंडू लागला की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. ब्लूम दर सामन्यात कण्हत कण्हत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहू लागला, मागून येणारे फलंदाज आपल्या फटक्यांनी त्याला पुढच्या बेसवर ढकलू लागले, आणि बगळे चक्क बाद फेरीत पोहोचले. स्टेडियममध्ये फलक झळकले, 'ऑर्विलला विचारा'. खाली बारीक अक्षरांत, 'प्रूइटला नको'.

"मालकांनी सौदा ठरवलाय," विल्माबाई म्हणाल्या. "तुम्ही बागकामाच्या पानावर. बदल्यात ऑर्विल."

प्रूइटच्या डोळ्यांपुढे हाताची घडी घातलेला तो फोटो कोबीच्या गड्ड्यांमध्ये जाऊन बसला.

"ऑर्विल नाहीये, बाई."

"पुन्हा मासे?"

"नाहीच आहे तो. कधीच नव्हता. मीच ऑर्विल!"

बाईंनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात खरोखरची कणव होती.

"प्रूइट, मत्सर मी समजू शकते हो. पण इतका? त्या सौद्याला तुम्ही काय काय बोललात ते अख्ख्या गावाने वाचलंय. तो माणूस आणि तुम्ही एक? त्याला निदान बोलण्याची रीत तरी आहे."

आता दोनच वाटा होत्या. ऑर्विलने नकार द्यायचा आणि सदर कायमचं बंद होताना बघायचं, नाहीतर होकार द्यायचा. प्रूइट टेबलाशी जाऊन बसला आणि ऑर्विलच्या नावाने होकार धाडला. लिहिता लिहिता हात सवयीने गोड झाला आणि "मानधन नको, गावाची सेवा समजेन," असंही लिहून गेला. ते वाचून विल्माबाईंचे डोळे पाणावले.

"शिका जरा काही," त्या प्रूइटला म्हणाल्या.

बुधवारी बागकामाच्या पानावर प्रूइटने टोमॅटोवरच्या किडीची माहिती लिहिली. मग दार लावून ऑर्विलचे प्रश्न उघडले. पहिलाच अ‍ॅग्नेस फेनविकबाईंचा होता.

"प्रिय ऑर्विल, तो प्रूइट गेला, गावाची पीडा टळली. माझा एक प्रश्न होता, त्यावर त्याने माझा अपमान केला. माणसाची अदलाबदल त्याच माणसाशी होऊ शकते का हो?"

प्रूइटने प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग टाइप करू लागला.

"होते, बाई. अगदी होते. तुमचं बरोबर होतं आणि प्रूइट चुकला. अशा सौद्यात पाठवलेला आणि आलेला माणूस एकच असतो, फक्त परत येताना त्याची किंमत उतरलेली असते. लोभ आहेच."

अंक निघाला त्या दिवशी विल्माबाई कात्रण घेऊन स्वतः बागकामाच्या टेबलापाशी आल्या.

"वाचा, प्रूइट. वाचकाला उत्तर असं द्यायचं असतं. हे समोर चिकटवून ठेवा."

प्रूइटने चिकटपट्टी आणली आणि कात्रण समोरच्या भिंतीवर नीट लावलं.