डावीकडचा बाण

शनिवारी संध्याकाळी पेंटर दाढी करून, धुतलेला शर्ट घालून उंबऱ्यात उभा राहिला, तेव्हा बायकोने जवळ येऊन त्याचं तोंड हुंगलं. वास फक्त टर्पेंटाइनचा होता.

"जा आता," ती म्हणाली. "आणि नीट ऐका. आज त्या दारू सोडणाऱ्यांच्या सभेला गेला नाहीत, तर उद्या मी लेकीला घेऊन भावाकडे. बॅग भरलेली आहे."

"अगं, निघालोच ना!"

"तुमचं निघणं माहितीये मला. दुसऱ्याच्या दारी रंगाची धार, आपल्या दारी बाटल्यांचा भार!"

राग आला की ती यमकात बोलायची. तिच्या आईला ओव्या सुचायला जातं लागायचं. हिला नवरा पुरत असे.

सभा कुठे भरते, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. एकाला विचारलं की गावभर झालंच. पण बाजाराच्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर त्या मंडळाची जाहिरात आहे, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. आठवणारच, त्यानेच रंगवली होती. "दारू सोडायची आहे? या!" आणि खाली टपोरा लाल बाण. अक्षर कसं, मोत्यांची सर! स्वतःच्याच कामावर खूश होत पेंटर बाणाच्या दिशेने डावीकडे वळला.

गल्ली ओळखीची वाटली. गटार त्याहून ओळखीचं वाटलं. गटाराकाठचं कुत्रं तर शेपूटच हलवायला लागलं. गल्लीच्या टोकाला हिरवा पडदा होता आणि पडद्याआड त्याचा रोजचा बार.

पेंटर पडद्यापाशी थबकला. "मागच्या खोलीत भरत असेल," अशी मनाची समजूत घालून त्याने पडदा सारला.

"या, पेंटर!" बारचा शेट गल्ल्यावरून ओरडला. "आज दाढीबिढी? बोहल्यावर चढतोस की काय?"

"शेट, इथे ती... सभा असते का?"

"तू पण?" शेटने कपाळाला हात लावला. "वर्ष झालं हेच चाललंय. कोणीतरी येतं, सभा विचारतं, खुर्च्या गोल मांडतं आणि रडायला लागतं. मी तरी काय करू? रडणाऱ्यापुढे ग्लास ठेवतो."

कोपऱ्यातून बसचा ड्रायव्हर बोलला, "मीसुद्धा बाण बघूनच आलो होतो रे. आत चार माणसं तोंड पाडून बसलेली. म्हटलं, हीच सभा. शेटने ग्लास ठेवला, वाटलं पहिल्या दिवशी देत असतील. सोडायची तर आधी हातात नको का?"

पेंटरला आता सगळं लख्ख आठवलं. ती भिंत रंगवताना बाटली शिडीलाच टांगलेली होती. मंडळाचे काका "उजवीकडे, उजवीकडे" म्हणून घसा फोडून गेले होते. पण हाताने पायांची सवय रंगवली होती.

एवढ्यात पडदा पुन्हा सरला. दारात बायको! ती त्याच्या मागोमागच आली होती आणि ड्रायव्हरचं बोलणं तिने पडद्याबाहेरून ऐकलं होतं.

"ही का तुमची सभा?"

"अगं, शपथ घेतो, मी बाणामागे आलो!"

"आणि तो बाण कुणी काढला?"

पेंटरने शेटकडे पाहिलं. शेटने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर ग्लासात पाहू लागला.

"मीच," पेंटर म्हणाला.

बायकोच्या ओठांवर आलेलं यमक तिथेच अडकलं. तोंडावर हात दाबून ती खांदे गदागदा हलवत राहिली. रडते की हसते, कुणाला कळेना. मग तिने डोळे पुसले.

"चला." मग ती ड्रायव्हरकडे वळली. "आणि भाऊजी, तुम्हीही उठा. तुम्हालाही ह्यांनीच इथे आणून सोडलंय."

उजवीकडच्या गल्लीत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. भलीमोठी किटली होती, आणि दोन म्हातारे. त्यातले काका हातात कुलूप घेऊनच उभे होते.

"बंदच करत होतो," ते म्हणाले. "वर्षभरात नवीन माणूस फिरकला नाही. आम्हाला वाटलं, गावाने दारू सोडली!"

इथे उभं राहून आपलं दुखणं सांगायचं असतं, असं पेंटरने ऐकलं होतं. तो उभा राहिला. "मी पेंटर. मी पितो. सोडायची आहे." मग खाली बघत म्हणाला, "आणि कोपऱ्यावरचा तो बाण बारकडे नेतो... तोही माझाच."

काकांनी कुलूप खिशात टाकलं. "पिण्याचं सावकाश बघू. बाण उद्याच्या उद्या फिरव."

दुसऱ्या दिवशी बायकोने शिडी धरली. पोटात थेंब नव्हता, त्यामुळे हात पिंपळपानासारखा थरथरत होता. पिऊन काढलेली रेघ कशी ताठ यायची. शुद्धीत काढलेला हा बाण गांडुळासारखा वळवळत उजवीकडे गेला.

"शी! पुसतो हा."

"खबरदार!" बायको खालून म्हणाली. "सरळ बाणाने नेलं बाटलीच्या दारी, वाकडा असू दे, पण आणील घरी!"

आणि घरी जाऊन तिने बॅग उपसली.

पुढच्या शनिवारी खोलीच्या दारात एक अनोळखी गृहस्थ घुटमळला. कडक इस्त्रीचे कपडे, पण पाय आत पडेना.

"बाण बघून आलात?" पेंटरने भीतभीत विचारलं.

"हो. वर्षभर बघतोय ती भिंत. मोत्यासारखं अक्षर, ताठ बाण. वाटायचं, असल्या टापटिपीच्या लोकांत आपलं काय काम? परवा नवा बाण दिसला. म्हटलं, ज्याचा हात एवढा थरथरतोय, तो आपलाच माणूस."

पेंटरने स्वतःची खुर्ची त्याला दिली. काकांनी किटली उचलली आणि सगळ्यांचे कप अर्धेच भरले. पूर्ण भरलेला कप त्या खोलीत अजून कुणालाच पेलत नव्हता.