कापसातली अकरा लेकरं

“सराव करा, पण स्वतःच्या लेकराच्या प्रश्नावर नको. आपल्याला हवं तेच सापडत जातं,” असं अमरावतीच्या कार्यशाळेत मॅडमनी बजावलं, तेव्हा आरतीनं मान डोलावली आणि तेवढं सोडून बाकी सगळं वहीत उतरवलं.

आरती अकोल्यात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास शोधायचे, निकष लावून गाळायचे आणि उरलेल्यांवरून गुण येतो की नाही ते ठरवायचं, हे ती नव्यानं शिकत होती. घरी तिची लेक रागिणी पंधरा महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणाले, “अठरा महिन्यांपर्यंत थांबा.” तेच तर आरतीला जमत नव्हतं.

तिनं सासरच्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं, ‘मूल उशिरा चालत असेल तर काय करतात? डोळ्यांनी पाहिलेलंच लिहा.’ एकतीस उत्तरं आली. ऐकीव गाळली, अंगारे-धुपारे गाळले. उरल्या अकराजणी, आणि अकराजणींचं म्हणणं एकच: लेकराला कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत उभं करा, पळायला लागतं.

अकरापैकी अकरा! सासरच्या भातकुलीहून दिरानं दोन गाठोडी कापूस आणला. रागिणी त्यात उभी राहिली, शिंकली आणि जी फतकल मारून बसली, ती उठेचना. आधी निदान रांगायची तरी.

चौथ्या दिवशी आरतीच्या लक्षात आलं, मूल कोणाचं होतं हे विचारायचंच राहिलं. तिनं एकेकीला फोन लावला.

“भातकुलीचं व्हतं वं.”

“मैनाबाईचं पोरगं.”

“तुया नवराच तं व्हता, बाई!”

अकराहीजणींनी एकच लेकरू पाहिलं होतं.

सासूबाई, म्हणजे मैनाबाई, तुरीच्या शेंगा सोलत होत्या. “आई, ह्यांना कापसात उभं केलं होतं तुम्ही?”

“उभं काहून करू वं? घरभर कापूस भरला व्हता, ठेवाले दुसरी जागाच नव्हती. दीड वर्साचा होईस्तोवर चाललाच नाही थो.”

“मंग? माह्यावरच गेली पोरगी,” आरतीचा नवरा अमोल ऐटीत म्हणाला.

कितीतरी दिवसांनी आरतीनं मोकळा श्वास घेतला. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘मूल एकच होतं. तो उपाय नव्हता, जागेची अडचण होती.’

सगळ्यांनी वाचलं. फक्त पातूरच्या पार्बताबाईंनी अजून वाचलेलं नाही. त्यांचा कालचा निरोप असा: ‘मास्तरीण सून येवढं इचारून राहिली म्हणजे गुण असनच. आमच्या स्वप्निलले आजच उभा केला.’

स्वप्निल सात महिन्यांचा आहे. फोन बंद लागतो. तुमच्यापैकी कोणी पातूरकडे जाणार असाल, तर आरतीची एवढी विनंती आहे: पार्बताबाईंच्या घरात जरा डोकावा, लेकरू अजून ढिगात असेल तर उचला, नाक पुसा आणि तिला कळवा.