पथारीवरचे तीन ढीग

रतिलालला सगळे इंग्रजी येत होते, फक्त क्लॉज कळत नव्हते. मॅट्रिकला तो दोनदा आपटला, ते त्याच्या मते या क्लॉजांपायीच. उद्या सकाळच्या मोटारीने परीक्षेला धुळ्याला जायचे होते आणि वडिलांनी, नथ्थूआप्पांनी, अजून 'जा' म्हटले नव्हते. "मिरच्या वाळू देत, मंग दखू," एवढेच ते चार दिवस म्हणत होते. या वर्षी धुळे चुकले की पुस्तके माळ्यावर जाणार आणि रतिलाल कायमचा औताला जुंपला जाणार, हे ठरल्यासारखेच होते.

म्हणून भर दुपारी तो नंदुरबारबाहेरच्या पथारीवर, मिरच्या वाळवायच्या मोकळ्या आवारात, राखण करत पुस्तक उघडून बसला होता. चहूकडे लालच लाल. ऊन इतके स्तब्ध होते की मिरच्याच हळूहळू श्वास घेताहेत असे वाटावे. पुस्तकात एक वाक्य होते: पाऊस थांबला तेव्हा, ज्याची गाय हरवली होती तो म्हातारा घरी गेला. रतिलाल त्या म्हाताऱ्याच्या मागोमाग ओल्या रानातून बराच वेळ हिंडून आला. गाय काही दिसली नाही.

मग एकदम त्याला सुचले. त्याने मिरच्यांचा एक मोठा ढीग केला. हा मेन क्लॉज, म्हातारा घरी गेला. शेजारी एक लहान ढीग, गाय हरवल्याचा. त्याच्यापलीकडे दुसरा, पाऊस थांबल्याचा. दोन्ही सबॉर्डिनेट, म्हणजे मोठ्यावर अवलंबून. तीन वर्षे जे डोक्यात शिरले नव्हते ते पायाशी लखलखीत पडले होते. रतिलालला इतका आनंद झाला की तो लिंबाच्या सावलीत आडवा होऊन ढिगांकडे नुसता बघत राहिला.

तेवढ्यात शेजारच्या तापीबाई पाटी घेऊन निघाल्या होत्या, त्या थबकल्या.

"रतिलाल, हाई काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"काकी, मोठा ढिग एकला उभा ऱ्हास," रतिलाल स्वप्नातल्यासारखा म्हणाला. "धाकला दोन्ही त्यान्हाच जीववर शेतस."

पीक आवारात असताना बाप आणि दोन लेक यांचे तीन ढीग पडले की त्याचा अर्थ काय, हे तापीबाईंना कोणी शिकवायला नको होते. त्यांनी तडक रतिलालची वहिनी निर्मलाबाई हिचे दार गाठले.

"निर्मला, तुम्हना वाटा पडनात, आन तू आठे भाकरी थापी ऱ्हायनी!"

निर्मलाबाईने तवा उतरवला. माहेरची हंडी वेगळी काढली आणि परसात तीन दगड मांडून स्वतःची चूल घातली. तिचा नवरा, थोरला भिला, शेतातून भुकेला आला, तर घरात दोन चुली आणि भाकरी एकीवरही नाही. तो पथारीवर धावला.

"आप्पा आजून जिवंत शेतस! तुले इतली काय घाई व्हती?" तो कळवळून म्हणाला. पण नजर ढिगांवर फिरलीच. "आन मन्हा कोनता? हाऊ जरासा लहान शे." आणि त्याने एका ढिगातल्या ओंजळभर मिरच्या उचलून दुसऱ्यात टाकल्या.

"भाऊ, हात नको लावू!" रतिलाल ओरडला. "तो म्हाताराले चिकटेल शे!"

"आप्पाले म्हातारा म्हनस?"

आप्पा मागेच येऊन उभे होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"कोन मरनं म्हनीसन वाटा पाडात रे?"

मग रतिलालने सगळे सांगितले. पाऊस, म्हातारा, गाय, क्लॉज. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"गाय सापडनी का मंग?"

"पुस्तकमा नही सांगेल, आप्पा."

"गाय हरपनी आन हाऊ घर गया? कसा मानूस शे!" आप्पांना ते फार लागले. मग त्यांनी काठीने लहान ढीग दाखवून विचारले, "आन हाऊ धाकला ढिग एकला नही चालस?"

"नही. त्याले अर्थच नही ऱ्हास."

आप्पा खाली बसले आणि दोन्ही हातांनी तिन्ही ढीग एकात एक कालवू लागले. भिलाही वाकला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मिरचीच्या पथारीवर कोण कशाने रडतो हे विचारायचे नसते. रतिलालने संधी साधली.

"आप्पा, मंग उद्या धुळे जाऊ ना?"

"एकला? तूच म्हनना ना आते, धाकलाले एकला अर्थ नही ऱ्हास. आम्हू बठा येसूत."

आणि खरोखरच सगळे गेले. पथारी राखायला तापीबाईंना बसवले, काम त्यांनीच ओढवून घेतले होते. परीक्षेच्या आवाराबाहेर सतरंजी पसरून आप्पा, भिला आणि हंडीसह निर्मलाबाई दिवसभर ठाण मांडून होते. संध्याकाळी पोरांचा लोंढा बाहेर पडला. त्यात रतिलाल अगदी पडेल चेहऱ्याने आला.

"काय व्हयनं?" आप्पा उठून उभे राहिले.

"बाकी बठं लिखं, आप्पा. पन क्लॉज त्यासनी इचारातच नही."

आप्पांनी फाटकातून बाहेर पडणाऱ्या त्या शेकडो पोरांकडे एकदा नीट पाहिले आणि सुटकेचा निश्वास टाकला.

"बरं व्हयनं बेटा. दख, कितला पोरे शेतस. तितला घरं वाचनात."