बिगर परवान्याचा जमादार

वाशीच्या दस्तगीर जमादारांनी माझ्या आईला झोप दिली. हे आधी सांगून टाकतो. पुढं त्यांच्याविषयी जे सांगणार आहे ते ऐकून लोक हसतात, आणि हसण्याच्या भरात हे राहून जातं.

जमादारांना परवान्याचं वेड आहे. निजाम सरकारच्या आबकारी खात्यात त्यांची हयात गेली. कोण चोरून दारू गाळतंय, कुणी लपवून गांजा लावलाय, हे हुडकत वाशीपासून ईटपर्यंतची रानं त्यांनी पालथी घातली. नोकरी संपली, पण 'परवाना?' हा शब्द जिभेवरून उतरला नाही. कोंबडी घेऊन चाललेल्या माणसाला परवाना. मोठ्यानं शिंकणाऱ्याला परवाना. शेजारचं तान्हं पोर रडायला लागलं की कुंपणापलीकडून आवाज येतो, "कुणाच्या परवानगीनं?" आणि नवल म्हणजे पोर घटकाभर गप्प बसतं.

मला तर पहिल्याच दिवशी धरलं. मी साताऱ्याकडचा. चौथीत शाळा सुटली, शिवणकाम शिकलो. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, शिंपी कमी आहेत असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आईला आणि शिलाईच्या यंत्राला घेऊन इकडं आलो. सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी यंत्राची इतकी उलटतपासणी केली होती, की वाशीत पोचलो तरी मी सारखा मागं वळून बघत होतो. ओट्यावर यंत्र मांडतोय तोच समोर खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्याला पितळी बिल्ला.

"परवाना?"

घाबरून खिशातलं हाताला लागलं ते पुढं केलं. ते बार्शीपर्यंतचं आगगाडीचं तिकीट होतं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, उजेडाला धरलं आणि परत दिलं.

"चालंल," म्हणाले. "पण मुदत संपलीया."

नशापाण्याचा त्यांना भयंकर तिटकारा. चहाला ते 'बिनवासाची दारू' म्हणतात. मात्र खात्याचं मीठ खाल्लेलं, त्यामुळं कुणी झिंगून रस्त्यात पडलेला दिसला की त्याच्या तोंडाजवळ नाक नेतात आणि माल सरकारी दुकानातला आहे की घरच्या भट्टीचा ते पाहतात. सरकारी असला तर उचलून सावलीत ठेवतात. घरचा असला तर उन्हात.

दुसऱ्या वर्षी माझ्या आईच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं होतं ते हळूहळू सरळ झालं, वाचाही परत आली. तिची वाचा न्यायची हिंमत वाऱ्यातही नव्हती. पण हात लोंबत राहिला आणि पाय लाकडासारखा ताठ. त्यात पेटके यायचे. पाय असा आखडायचा की चार माणसांना सरळ करता येऊ नये. कण्हणं चालूच. झोप नाही, अन्न नाही. वैद्य झाले, लेप झाले, कबुतराचं रक्त चोळून झालं. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, समाधान माना." आई समाधान मानणारी नव्हे. एक दिवस मला म्हणाली, "बाळा, एवढं मोठं यंत्र उचलून आणलंस साताऱ्याहून. मला तेवढी विहिरीपर्यंत उचलून ने."

 त्या दिवसापासून पोहऱ्याचा दोर सोडून मी घरात हाताशी ठेवायला लागलो, न जाणो तिनं कसंही करून विहीर गाठली तर.

कण्हणं कुंपणापलीकडं जमादारांना ऐकू जात असणार. एका सकाळी जमादार आले ते हातात लाखेची मोहर लावलेलं पुडकं घेऊन. ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "भांग हाय. सरकारी ठेक्यावरची. ह्यो परवाना."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. एक तर दस्तगीर जमादार, जे चहाला दारू म्हणतात. दुसरं म्हणजे आमच्या घरात त्या पाल्याचं नाव काढायची बंदी. माझे वडील गोसाव्यांच्या नादी लागून चिलमीपायी गेले. आईनं त्यांची चिलीम चुलीवर फोडली होती, आणि तेव्हापासून कुणाच्या होळीचं थंडाईचं भांडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"चाचा, तुम्ही हे?"

 त्यांच्या कोटाचा डावा खिसा मीच शिवला होता. "कोपरापर्यंत खोल कर," असं त्यांनी सांगितलं होतं, आणि आबकारीतला माणूस म्हटल्यावर एवढा खोल खिसा कशाला लागतो ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या खिशातून त्यांनी डावा हात उजव्या हातानं उपसून काढला. मूठ वळलेली. बोटं तळव्यात रुतलेली, नखांचे वळ पडलेले.

"माझ्याबी अंगावरनं गेलंया, शिंपी. नोकरीत असताना. खात्याला कळू दिलं न्हाय, घरी बसिवलं असतं. बेंबळीचा एक हकीम गोळ्या द्यायचा. मूठ काय सुटली न्हाय. पण कळ उतरती, झोप येती. हकीम बी गेला आता."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रोज..."

"परवान्यानं," ते करड्या आवाजात म्हणाले, आणि हात परत खिशात गेला.

मी आत जाऊन आईला भीत भीत सांगितलं. वाटलं होतं, डाव्या हातानं का होईना पण तांब्या फेकून मारेल. तिनं तोंडावरचा पदर बाजूला सारला. मग म्हणाली, "तिनं माझा नवरा खाल्ला. आण इकडं. आता मी तिला खाते."

औषध द्यायची जमादारांची रीत म्हणजे जप्तीची रीत. मोहर फोडायला दोन पंच लागत. एक मी, दुसरा रस्त्यानं जाणारा जो सापडेल तो. "पंचांसमक्ष मोहर साबूत," असं मोठ्यानं म्हणायचे, आणि तो बिचारा बैल सोडून मान हलवायचा. पाला सात पाण्यांनी धुतला, तुपावर परतला, गूळ घालून गोळा वळला. सगळं हकिमासारखं. घोटाळा झाला तो मापात. जन्मभर पकडलेला माल तोलायची सवय. त्यांच्या तराजूचं सगळ्यात लहान वजन एक तोळ्याचं. त्याखाली काही असतं हेच खात्याला मंजूर नव्हतं. हकिमाच्या गोळ्या तयार यायच्या, त्या त्यांनी कधी जोखल्या नव्हत्या. आईला पहिल्या दिवशी अख्खा तोळा गेला.

तासाभरानं आई हसायला लागली. मी जन्मात तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आढ्याला म्हणाली, "सासूबाई, खाली उतरा, पडाल." मला म्हणाली, "तू झालास तेव्हा माकडासारखा दिसायचास, म्या आधी सुईणीला परत घेऊन जा म्हटलं." मग तिची नजर जमादारांवर गेली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "दादा, ह्या मिशीचा परवाना हाय का?"

जमादारांचा हात मिशीवर गेला. "न्हाय," ते खरं सांगून बसले.

त्यानंतर ती जी झोपली ती दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी उठेना. मी नाकापुढं सूत धरून बसलो होतो. सूत हलत होतं, तरी मला ते हलताना दिसत नव्हतं. जमादार दारात उकिडवे, तोंड पांढरंफटक.

"काय झालं तर माझं नाव लिव्हायचं," म्हणाले. "तुझं न्हाय."

आई उठली आणि भाकरी मागितली. सोबत ठेचा. मी भाकरी करायला बसलो आणि पीठ मळता मळता रडलो. पुढं हरभऱ्याएवढी गोळी ठरली. जादू झाली नाही, लंगडा पाय धावायला लागला नाही. पण पेटके सैल पडले, रात्र सरायला लागली, आणि भिंतीला धरून ती ओट्यापर्यंत येऊ लागली. दोर मी परत पोहऱ्याला बांधला.

मग ठेका बंद पडला. लढाईचे दिवस, लिलाव कुणी घेतला नाही, दुकानाला कुलूप. पंधरवड्यात आईचं कण्हणं परत सुरू झालं, आणि आता मला कुंपणापलीकडचंही ऐकू यायला लागलं. ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, की ऐकून ओळखलं नव्हतं, कोण जाणे.

काही महिन्यांनी जमादारांनी मला परसात बोलावलं. अंबाडीचा दाट ताटवा होता. ते म्हणाले, "नीट बघ." अंबाडीचं पान आणि भांगेच्या झाडाचं पान लांबून सारखंच दिसतं. मधोमध दोन झाडं वेगळी होती. अशा ताटव्यांतूनच त्यांनी उभ्या हयातीत माणसं धरली होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "परवाना?"

ते वाकून त्या दोन झाडांवर अंबाडी ओढू लागले. "द्यायला कुणी न्हाय," एवढंच म्हणाले.

पाला वाळवून आईला पुन्हा सुरू झाला. महिनाभर बरं गेलं, आणि कुणीतरी चुगली केली. आबकारीचा नवा दारोगा शिपाई घेऊन आला. तरणा, आणि जमादारांच्याच हाताखाली शिकलेला. परसात शिरून अंबाडीपुढं उभा राहिला आणि घामाघूम झाला. कुंपणाला माणसं लागली.

"उस्ताद, ये क्या है?"

"दिसत न्हाय का? मीच शिकिवलं की तुला पान ओळखायला," जमादार म्हणाले. "पंचनामा कर. आदी पंच घे. ह्यो शिंपी घे, सज्जन माणूस हाय. शिंप्या, फुडं ये."

मी पुढं झालो. दारोग्यानं विचारलं, "किसके वास्ते लगाया?"

मी तोंड उघडलं. आईचं नाव ओठांवर आलं होतं.

"पंचानं मधी बोलू न्हाय," जमादार माझ्यावर खेकसले. आणि मग भर गावासमोर त्यांनी तो हात खिशातून बाहेर काढला. नोकरीभर लपवलेला, बायकोच्या मयतालासुद्धा कुणाला न दाखवलेला. वळलेली मूठ दारोग्याच्या नाकासमोर धरली. "मेरे वास्ते. लिव्ह."

कुंपणावर कुणी हसलं नाही. दारोगा लिहिताना चुकत होता आणि जमादार दुरुस्त करत होते, "झाडं दोन, मुळासकट, असं लिव्ह. न्हाय तर सुटंल आरोपी." झाडं उपटून जाळली. पट्टा आणि बिल्ला दारोग्यानं मागितला नव्हता. त्यांनीच काढून दिला.

संध्याकाळी ओट्यावर येऊन हळूच म्हणाले, "एका गुन्ह्यात पंच बी तूच आन आरोपी बी तूच, असं व्हत न्हाय. म्हणून तुला आदी घेतला."

 मला वाटत होतं, कुंपणाला सगळ्यात जवळ मी होतो म्हणून मला बोलावलं.

तो दारोगा माणूस भला निघाला, प्रकरण दंडावर मिटलं. भूमच्या ठेक्यावरून दर महिन्याला जमादारांच्या नावानं पुडकं येऊ लागलं, परवान्यासकट. ते त्याचे बरोबर दोन वाटे करायचे. सकाळी ओट्यावर आई आणि ते शेंगा फोडत बसायचे. तिचा डावा हात चांगला, त्यांचा उजवा. तिनं शेंग धरायची, त्यांनी फोडायची.

"दादा, दाणं खाताय, दिसतंय मला."

"जप्तीचा माल हाय, भैन. कमी भरतोच."

मग ती आपल्या डाव्या हातानं त्यांची वळलेली बोटं एकेक करून उघडायची, तेल लावायची आणि शिव्या देत पुन्हा मिटायची. बोट मोडल्यासारखं तोंड करून ते बसायचे, पण हात मागं घ्यायचे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. झोपेत गेली, पाय सरळ होता.

परवा महिन्याचं पुडकं आलं. जमादार सवयीनं दोन वाटे करून ओट्यावर आले, एक माझ्यापुढं ठेवला आणि उभेच राहिले.

"ह्यो आता कुठं जमा करायचा?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारत होते कोण जाणे, मला तरी नाही.

मी यंत्र थांबवलं. त्यांना बसवलं, हात मांडीवर घेतला. तेल कोमट करायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. एक बोट उघडलं, दुसरं उघडायला लागलो तर ते म्हणाले, "तुझं काम कर, शिंपी. गिऱ्हाईक परत जाईल."

गिऱ्हाईक परत गेलं. चाचा, तुम्ही माझ्या आईचा गुन्हा आपल्या नावावर घेतलात. मी भित्रा माणूस आहे, मला वेळ लागेल. पण एक दिवस कुणी तुमच्या दारात येऊन विचारील, "हा म्हातारा कुणाचा?" तेव्हा मी पंच होणार नाही. पुढं होऊन म्हणेन, "माझा. लिहा."