शंभराव्या दिवसाची तलवार

“तलवार डाव्या हातात उलटी धर, दंडाला टेकव. टोक कानाच्या पाळीशी आलं तर तुझी, वर गेलं तर दुसऱ्या कुणाची. शंभराव्या दिवशी माझ्या थडग्यापाशी ये आणि बत्तीसच्या बत्तीस चाली कर. रडत बसू नकोस, चाली विसरशील.”

एवढं बोलून म्हाताऱ्याने पाणी मागितलं, आणि चार दिवसांनी गेला. त्याच्या बायकोने, रुइचिनने, हो म्हटलं होतं.

त्याची स्वतःची तलवार तिच्या कानावर चार बोटं जाई. त्याच्याच नियमाने ती तिची नव्हती. नव्वदाव्या दिवशी देवापुढे उदबत्ती लावून ती नवी घ्यायला निघाली. थडग्याकडच्या गाडीत तलवार नेता येईल का, हे विचारायला वाटेत आधी बसस्थानकावर थांबली.

“बोथट असली तरी नाही, मावशी,” सामान तपासणारी बाई म्हणाली.

“सरावाची आहे हो.”

“सराव चोरही करतात. घडीच्या छत्रीएवढी असेल तर बघू.”

दुकानदाराने सात तलवारी दंडाला लावून दाखवल्या. प्रत्येक वेळी रुइचिन हळूच विचारी, “ही छत्रीएवढी होईल का?” शेवटी त्याने तोंड वाकडं करत खणातून एक काढली. एकात एक सरकणाऱ्या पत्र्याच्या नळ्या. झटका दिला की लांब, दाबली की वीतभर. उघडून धरली तर टोक बरोबर पाळीशी.

“मिळाली,” रुइचिन म्हणाली. तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच थोडी हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत चौथी चाल आली. या चालीत टोक आकाशाकडे करायचं. तिने केलं, आणि सगळी तलवार खरखरत मुठीत उतरली. हात तेवढा वर राहिला.

“वहिनी, कुणाला दम देताय?” शेजारच्या शावभाऊंनी विचारलं. त्यांचा जन्म नळ दुरुस्त करण्यात गेला होता.

रोज तेच. तीन चाली तलवारीच्या, चौथी मुठीची.

“चौथी गाळा की,” शावभाऊ म्हणाले.

“बत्तीस सांगितल्यात.”

“मेलेला माणूस मोजतो का?”

“हा मोजेल.”

नव्व्याण्णवाव्या दिवशी संध्याकाळी शावभाऊ तलवार मागून घेऊन गेले, आणि सकाळी बसस्थानकावर स्वतः घेऊन आले.

“नळाच्या सांध्याला लावतो तो गोंद भरलाय. मी मेलो तरी ही मिटायची नाही.”

रुइचिनने वाकून आभार मानले. मग दोघंही सामान तपासणीच्या सरकत्या पट्ट्यापाशी गेली.

“मिटवा,” बाई म्हणाली.

“मिटत नाही.”

“छत्रीएवढी ठरलं होतं, मावशी.”

“होती. काल संध्याकाळपर्यंत होती.”

बाईने तिच्या केसांतलं दुखवट्याचं पांढरं फूल पाहिलं आणि नजर खाली वळवली. “पुढच्या गाडीलाही तपासायला मीच आहे.”

टॅक्सीवाल्यांना विचारून झालं. थडग्यांकडे जायला एकही तयार होईना. शावभाऊंचा चेहरा पडला.

“चुकलं माझं, वहिनी.”

“नाही हो. जरा वर धरून दाखवता?”

शावभाऊंनी टोक आकाशाकडे केलं. तलवार हलली नाही.

“पायी किती आहे?” रुइचिनने बाईला विचारलं.

“तेरा किलोमीटर.”

तिने उदबत्त्या आणि वाफवलेले दोन पाव पिशवीत नीट लावले, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या. मग तलवार खांद्यावर घेतली आणि कालव्याच्या रस्त्याला लागली.