हळदी-कुंकवाचे प्रस्थान

माझ्या वाक्याचे दोन अर्थ निघत नाहीत, हे मी रेणापुरात एकतीस वर्षे मराठी शिकवून सिद्ध केले आहे. पुढील हकिकत वाचून कोणास उलट वाटल्यास दोष वाचकांचा समजावा.

आमच्या परसदारी, कुंपणालगतच्या गवतात, एका रानबदकीने घरटे केले होते. गुरुवारी तिची नऊ पिले अंड्यांतून बाहेर आली. ही पिले उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि दुसऱ्याच दिवशी चालतात. आई चोचीने भरवीत नाही. तळे गाठून त्यांनी आपले पोट आपणच भरायचे. तळे रस्त्यापलीकडे. पिले तो ओलांडेपर्यंत रहदारी नसावी, म्हणून मी वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटासाठी सूचना रचली.

"साधं लिहा की," पत्नी प्रेमला म्हणाली. "बदक हाय, रस्त्यावर येऊ नका."

"बदके अनेक प्रकारची असतात. हिच्या चोचीचे टोक पिवळे, मुळाशी लाल ठिपके, म्हणून हिला हळदी-कुंकू म्हणतात. नेमके नाव असता सामान्यनाम वापरणे हा आळस होय."

"लिहा मग."

मी लिहिले: 'उद्या शुक्रवारी सकाळी सात वाजता आमच्या परसदारातून हळदी-कुंकू बाळांसह तळ्याकडे प्रस्थान ठेवील. विशेषतः भगिनींनी सहकार्य करावे.' भगिनी अशासाठी, की सकाळी त्या रस्त्याने फिरायला त्याच जातात.

तो श्रावणातला शुक्रवार होता, म्हणजे लेकरांसाठी जिवती पूजण्याचा. ही बाब व्याकरणाच्या कक्षेबाहेरची असल्याने माझ्या ध्यानी आली नाही.

पावणेसातला रस्त्यावर चाळीस बायका उभ्या होत्या. जरीकाठी साड्या, कडेवर लेकरे. सर्वांपुढे शेजारच्या लक्ष्मीबाई.

"गुरुजी, लई चांगलं केलात. तळ्यावरचं हळदी-कुंकू पहिल्यांदाच बघून राहिले. पाट कुठं मांडलाय?"

"अन् वान काय हाय?" मागून कोणी विचारले.

गवतातून एक मान वर आली, तिने गर्दी पाहिली आणि ती खाली गेली. पिले केविलवाणी ओरडू लागली.

"भगिनींनो," मी आरंभ केला, "प्रस्तुत सूचनेतील 'हळदी-कुंकू' हे पद समारंभवाचक नसून पक्षिवाचक आहे, आणि ज्या अर्थी सदर पक्षिणी नुकतीच प्रसूत होऊन..."

"गुरुजी शुक्रवारची कहाणी सांगून राहिलेत," लक्ष्मीबाईंनी मागे कळवले.

चाळीसही जणींनी डोक्यावर पदर घेतला, मुठीत अक्षता धरल्या आणि नीट ऐकू यावे म्हणून त्या पुढे सरकल्या. आता आई उडून गेली, तर नऊ जीव उपाशी मरणार होते. आणि माझे वाक्य अद्याप क्रियापदापर्यंत पोचले नव्हते.

प्रेमला पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"बायांनो, खाली बसा. बदक हाय. पिल्लं निघालीत."

ओल्या रस्त्यावर, जरीकाठांसकट, चाळीसही जणी दुतर्फा बसल्या. लेकरेसुद्धा गप्प. थोड्या वेळाने आई बाहेर आली. मागोमाग नऊ गोंडे एका ओळीत, मधल्या वाटेने, कोणाकडे न पाहता चालले. शेवटच्या पिलाने लक्ष्मीबाईंच्या जोडव्याला चोच मारून पाहिली आणि धावत जाऊन तेही पाण्यात उतरले.

"अगं बया," लक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "ही तर घरूनच लावून आलीय."

घरी येऊन मी प्रेमलाची ती तीन वाक्ये वहीत उतरवली आणि त्यांतील दोष शोधू लागलो. दुपारी ताट वाढताना तिने विचारले, "सापडला का?"

"शोधून राहिलो," मी म्हणालो.